जर्मनीतील भाड्याच्या घरात संसार कसा मांडावा

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी जर्मनीत जाणारी कुटुंबे भाषेची आणि थंडीची तयारी करतात, घराची मात्र क्वचितच करतात. तेथील घर थंडी बाहेर ठेवण्यासाठी चहूबाजूंनी घट्ट बंद बांधलेले असते, तर आपल्या घरकामाच्या सवयी खेळता वारा आणि भरपूर पाणी गृहीत धरून घडलेल्या असतात. बहुतेक अडचणी यातूनच उद्भवतात.

सुरुवात जाहिरात नीट वाचण्यापासून करावी. तेथे स्वयंपाकघर व न्हाणीघर सोडून दिवाणखान्यासह सर्व खोल्या मोजतात, त्यामुळे तीन त्सिमरचे घर म्हणजे साधारण आपला दोन बीएचके फ्लॅट. काल्टमीटे म्हणजे नुसते भाडे आणि वार्ममीटे म्हणजे देखभालीचा व बहुधा हीटिंगचा खर्च धरून होणारी रक्कम. विजेचा करार सहसा आपल्यालाच वेगळा करावा लागतो. अनेक घरांत स्वयंपाकाच्या खोलीत नळजोड आणि विजेच्या जोडणीखेरीज काहीच नसते, अगदी सिंकसुद्धा नसते, म्हणून स्वयंपाकघर बसवलेले आहे का, हे आधीच विचारावे. अनामत रक्कम कायद्याने 3 महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ती 3 मासिक हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला हक्क आहे.

ताबा घेताना भिंतींवरचे ओरखडे, फरशीचे डाग, मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या लेखी नोंदवून घ्यावी व छायाचित्रे काढावीत. घरमालकाकडून राहत असल्याचा दाखला घेऊन 2 आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्ता नोंदवावा, कारण कर क्रमांकाचे पत्र त्यानंतरच येते. टपालपेटीवर आणि घंटेवर आपले आडनाव त्याच दिवशी लावावे. नाव नसेल तर ते पत्र पोस्टमन परत नेण्याची शक्यता असते. बाहेर पडताना किल्ली खिशात असल्याची खात्री करावी, कारण पुष्कळ दारांना बाहेरून फिरणारी मूठ नसते आणि दार ओढले की ते बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे हवा. कुकरची वाफ, अंघोळीची वाफ आणि खोलीत वाळत घातलेले कपडे यांतला ओलावा बंद घरातून आपोआप बाहेर जात नाही, तो सर्वांत थंड पृष्ठभागावर साचतो. हिवाळ्यात सकाळी खिडकीच्या काचेच्या खालच्या कडेला पाण्याची रेघ दिसू लागली, की बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागेही तेच घडत असल्याचे समजावे. तेथे लवकरच काळे ठिपके, म्हणजे बुरशी, दिसू लागतात आणि तिचा खर्च भाडेकरूकडे मागितला जाऊ शकतो. म्हणून रोज दोन-तीनदा हीटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या 5 ते 10 मिनिटे सताड उघडाव्यात. थंडी आत येईल या भीतीने खिडकी तासन्‌तास नुसती कललेली, म्हणजे वरच्या कडेने थोडी आत झुकवलेली, ठेवणे हा वाईट पर्याय आहे, कारण त्याने हवा पुरेशी बदलत नाही आणि भिंती मात्र गार पडतात. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र घेऊन आकडा 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान राखावा.

न्हाणीघरात शॉवरच्या जागेबाहेरच्या फरशीला बहुधा पाणी जाण्यासाठी जाळीच नसते. बादली ओतून फरशी धुण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण ते पाणी खालच्या शेजाऱ्याच्या छतात मुरते. फरशी ओल्या फडक्याने पुसावी, आणि दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा हाफ्टप्फ्लिश्ट विमा पहिल्याच महिन्यात काढावा.

गोल बुडाची कढई काचेच्या विजेच्या शेगडीवर नीट तापत नाही, तेव्हा सपाट बुडाची भांडी घ्यावीत. व्होल्टेज आपल्यासारखेच 230 असल्याने भारतातला मिक्सर चालतो, फक्त प्लगसाठी त्याचा भार सोसणारा अडॅप्टर लागतो. फोडणी देताना खोलीचे दार बंद आणि खिडकी उघडी ठेवावी, कारण शयनगृहांत व मार्गिकेत धुराची सूचना देणारी यंत्रे बसवणे तेथे सक्तीचे आहे.

रात्री 10 ते सकाळी 6 आणि रविवारी दिवसभर शांतता पाळावी. रविवारी ड्रिल चालवू नये, काचेच्या बाटल्याही सार्वजनिक पेटीत टाकायला नेऊ नयेत. कचरा कागद, वेष्टने, जैविक आणि उरलेला असा वेगळा करावा; डब्यांचे रंग गावागणिक बदलत असल्याने शेजाऱ्यांना विचारून घेणे उत्तम, त्यातून ओळखही होते.

हीटिंगसाठी दरमहा भरलेली रक्कम केवळ आगाऊ अंदाज असते. हिशेबाचे वर्ष संपल्यावर 12 महिन्यांच्या आत घरमालक प्रत्यक्ष वापराचा हिशेब पाठवतो आणि त्यात परतावा किंवा वाढीव मागणी निघते, म्हणून पहिल्या हिवाळ्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी आणि हिशेब आल्यावर त्यातले आकडे स्वतः तपासावेत.