पिट्सबर्गला शिफ्ट व्हायचंय? मग या क्रमाने करा

न्यू जर्सीत नाहीतर बे एरियात भाडं भरून वैतागलेली आपली बरीच मंडळी हल्ली रात्री झोपण्याआधी पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गची घरं बघत बसतात. बघावीतच, कारण साध्या पगारात तीन बेडरूमचं विटांचं घर, मागे थोडं अंगण आणि जवळ चांगलं हॉस्पिटल हे अमेरिकेत आता फार थोड्या शहरांत जमतं. पण फक्त किंमत बघून ऑफर टाकू नका. मला हे शहर मनापासून आवडतं आणि म्हणूनच इथे येणाऱ्याने नीट हिशोब करून यावं असं वाटतं.

आधी घरं स्वस्त का आहेत ते समजून घ्या. १९५० मध्ये शहरात पावणेसात लाखांच्या वर लोक होते, २०२० च्या जनगणनेत ते ३ लाख ३ हजारांच्या आसपास आले. १९८० च्या दशकात स्टीलचा धंदा कोसळला, जवळच्या होमस्टेड गावातला स्टीलचा प्रचंड कारखाना १९८६ मध्ये बंद पडला (तिथे आता दुकानं आणि थिएटर आहे) आणि तरुण माणसं कामासाठी बाहेर गेली. घरं मात्र तिथेच राहिली. म्हणजे तुम्ही जे घर बघताय ते बहुतेक वेळा शंभरेक वर्षांचं असणार, हे डोक्यात पक्कं ठेवा.

पहिलं काम नोकरीचं. आजचं पिट्सबर्ग चालतं ते हॉस्पिटलं आणि युनिव्हर्सिट्यांवर, यूपीएमसी आणि अलेगेनी हेल्थ नेटवर्क ही हॉस्पिटलं, पिट (युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्ग) आणि कार्नेगी मेलन या युनिव्हर्सिट्या, आणि त्यांच्या आजूबाजूला वाढलेल्या रोबोटिक्स आणि सॉफ्टवेअर कंपन्या, भाषा शिकवणारी ड्युओलिंगो इथलीच. तुमचं क्षेत्र यात बसत असेल तर छान, नसेल तर ऑफर हातात आल्याशिवाय लीज मोडू नका. वर्क फ्रॉम होमवाल्यांनी दोन गोष्टी आधी विचारून घ्या. एच-१बी वर असाल आणि दुसऱ्या मेट्रो एरियात राहून काम करणार असाल तर कंपनीला शिफ्ट होण्याआधी अमेंडेड पिटिशन (व्हिसाचा सुधारित अर्ज) फाइल करावं लागतं, घरूनच काम करतोय मग काय फरक पडतो असं चालत नाही. आणि कंपनी न्यूयॉर्कची असेल तर स्वतःच्या सोयीने बाहेर राहून केलेल्या कामावरही न्यूयॉर्क टॅक्स लावतं, तेव्हा सीएशी बोला.

दुसरं, एकदा जानेवारी-फेब्रुवारीत येऊन राहा. ऑक्टोबरमध्ये टेकड्या रंगीत झालेल्या असतात तेव्हा हे शहर कुणालाही आवडेल, पण थंडीत आठवडाच्या आठवडा आभाळ भरलेलं असतं आणि चढ काय चीज आहे ते बर्फातच कळतं. बीचव्ह्यूमधल्या कँटन अव्हेन्यूचा चढ ३७ टक्के आहे, गाडी तर सोडाच, चालतानाही कठडा धरावासा वाटतो. मॅपवर रस्ता दिसतो आणि प्रत्यक्षात तिथे नुसत्या पायऱ्या असतात, असंही इथे खूप ठिकाणी आहे, त्यामुळे बसस्टॉप पाच मिनिटांवर आहे असं लिहिलं असलं तरी ती पाच मिनिटं स्वतः चालून बघा. सकाळी लवकर बाहेर पडून वासही घ्या. मोनोन्गाहेला नदीच्या काठाने क्लेअरटनचा कोक प्लांट (स्टीलसाठी दगडी कोळसा भाजून कोक बनवतात तो कारखाना) अजून चालू आहे आणि हवा साचलेली असली की कुजक्या अंड्यासारखा वास लांबपर्यंत येतो, घरात दमा असलेलं कुणी असेल तर हा मुद्दा सगळ्यात वर ठेवा. शक्य असेल तर पहिलं वर्ष भाड्यानेच राहा, डॉरमाँट, ब्रुकलाइन, ग्रीनफिल्ड, स्क्विरल हिल असे वेगवेगळे भाग निवांत फिरून होतात.

तिसरं, शहराच्या हद्दीत राहायचं की बाहेर. इथे पैशाचा मोठा फरक पडतो आणि लिस्टिंगमध्ये तो दिसत नाही. पेनसिल्व्हेनियाचा इन्कम टॅक्स सरसकट ३.०७ टक्के, त्याच्यावर लोकल टॅक्स, तो पिट्सबर्ग शहरात ३ टक्के आणि बऱ्याच उपनगरांत १ टक्का. म्हणजे एक लाख डॉलर पगारावर वर्षाला दोन हजारांचा फरक. घर घेताना लागणारा ट्रान्सफर टॅक्सही (मालकी बदलताना भरायचा कर) शहरात एकूण ५ टक्के आहे, बाहेर बहुतेक ठिकाणी २. अडीच लाखांच्या घरावर ५ टक्के म्हणजे साडेबारा हजार, रिवाजाप्रमाणे विकणारा आणि घेणारा अर्धा-अर्धा भरतात, तरी सव्वासहा हजार तुमच्या खिशातून जाणार. उलट शहरात बस चांगली मिळते, एका गाडीत संसार भागू शकतो, आणि दुसऱ्या गाडीचा खर्च वाचला की हिशोब परत फिरतो. मुलं असतील तर स्कूल डिस्ट्रिक्टही याच वेळी बघा.

चौथं, घराची तपासणी. इथे अजिबात घाई करू नका, बाजार गरम आहे म्हणून एजंट इन्स्पेक्शन सोडून द्या म्हणाला तरी सोडू नका. नेहमीच्या इन्स्पेक्शनबरोबर सीवेज लाइनमध्ये (सांडपाण्याच्या पाइपात) कॅमेरा घालून बघायला सांगा आणि त्या वेळी स्वतः तळघरात हजर राहा. प्लंबर फरशीतल्या झाकणातून केबल आत सरकवत जातो आणि स्क्रीनवर जुने मातीचे पाइप दिसतात, दोन पाइपांच्या जोडात झाडाची मुळं दाढीसारखी लोंबत असतात, कुठे पाइप खचून पाणी तुंबलेलं असतं. घरापासून मेन लाइनपर्यंतचा तो पाइप मालकाचा, फुटला तर रस्ता खोदायचा खर्चही तुमच्याच डोक्यावर, म्हणून जे दिसेल त्याचं रेकॉर्डिंग मागून घ्या आणि त्यावर किंमत कमी करून मागा. डाय टेस्टचा कागदही मागा, छपराच्या पन्हाळीत रंगीत पाणी ओतून ते सांडपाण्याच्या लाइनमध्ये जातं का ते बघतात, जात असेल तर आधी दुरुस्ती. (तळघरात मधोमध आडोशाशिवाय एक कमोड दिसला तर दचकू नका, जुन्या घरांत तो सर्रास असतो.) रेडॉनची (जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सारी वायूची) टेस्ट कराच, ४ पिकोक्युरी प्रति लिटरच्या वर आकडा आला तर पंखा-पाइपची सिस्टीम बसवावी लागते. पाणी घरात येतं तो पाइप शिशाचा आहे का, भिंतीत जुनी कापडी वायरिंग आहे का, हेही विचारा.

आता जमिनीचं. या भागात बऱ्याच ठिकाणी जमिनीखालून कोळसा काढलेला आहे आणि जुन्या खाणी खचल्या की वरच्या घराला तडे जातात. साध्या होम इन्शुरन्समध्ये हे येत नाही. पेनसिल्व्हेनिया सरकारचा स्वतंत्र माइन सबसिडन्स इन्शुरन्स (खाण खचण्याचा विमा) आहे, त्यांच्या वेबसाइटवर पत्ता टाकून खाली खाण आहे का ते बघता येतं, ऑफर देण्याआधीच बघा. दरड कोसळली तर तेही साध्या पॉलिसीत बसत नाही, म्हणून उतारावरच्या घराची मागची रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) वाकलेली, फुगलेली वाटली तर मी तरी ते घर सोडून देईन, कितीही सुंदर व्ह्यू असू दे.

माणसांची काळजी फार करू नका. पेन हिल्सचं व्यंकटेश्वराचं मंदिर १९७० च्या दशकापासूनचं आहे, मनरोव्हिलला हिंदू-जैन मंदिर आहे, आणि दक्षिणेकडे कॅरिक, ब्रेंटवुड, व्हाइटहॉल भागात भूतानमधून आलेल्या नेपाळी भाषिक लोकांची मोठी वस्ती असल्यामुळे डाळी-मसाल्यांसाठी लांब जावं लागत नाही. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांशी ओळख करून घ्या, कुठल्या घरात पाणी शिरतं हे त्यांना माहीत असतं. आणि रस्त्यावर रिकाम्या जागेत कुणी खुर्ची ठेवलेली दिसली तर तिथे गाडी लावू नका, ती जागा त्यांनी बर्फ उपसून केलेली असते.

शेवटी कागदपत्रं. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर १० दिवसांत नवीन पत्ता यूएससीआयएसला (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला) कळवा. गाडीचं टायटल (मालकीचा कागद) आणि रजिस्ट्रेशन २० दिवसांत, लायसन्स ६० दिवसांत बदलायचं, आणि गाडीची सेफ्टी आणि एमिशन तपासणी दरवर्षी. घर घेतलं असेल तर मागच्या मालकाच्या प्रॉपर्टी टॅक्सवर विसंबून बजेट करू नका, विक्रीनंतर असेसमेंटवर (टॅक्ससाठी ठरवलेल्या घराच्या किमतीवर) अपील होऊन टॅक्स वाढल्याच्या केसेस इथे झाल्यात. स्वतः राहणार असाल तर होमस्टेड एक्सक्लुजनचा (स्वतः राहत्या घरावरच्या टॅक्स सवलतीचा) अर्ज काउंटीकडे नव्याने करा, मुदत १ मार्चची असते.