वादग्रस्त परदेशी गुंतवणूकदार असलेल्या कंपनीचा माल घ्यावा का? ठरवण्याआधी काय तपासायचं

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चिनी कंपन्यांवर बहिष्कार’ म्हणून ज्या याद्या फिरतात, त्यांत पेटीएम आणि बिगबास्केट ही नावं हमखास असतात. बिगबास्केट २०२१ मध्ये टाटांनी ताब्यात घेतली तेव्हाच अलीबाबा ही चिनी गुंतवणूकदार कंपनी बाहेर पडली. पेटीएममधला अँट या चिनी समूहाचा उरलासुरला हिस्साही ऑगस्ट २०२५ मध्ये विकला गेला. उलट आंबा बागायतदाराच्या पडवीत दर पावसाळ्यात कल्टार या मोहोराच्या औषधाची जी बाटली येते, तिचा मालक कोण हे त्या यादीत सहसा नसतं. हिस्से विकले जातात, मालक बदलतात आणि यादी मात्र तशीच पुढे ढकलली जाते. म्हणून यादीवर विसंबू नका. एका कंपनीची तपासणी बहुधा अर्ध्या तासात होते.

आधी आक्षेप एका वाक्यात लिहा

हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच होतो. ‘रशियन आहे म्हणून नको’ हा आक्षेप नव्हे, तो राग झाला. राग गैर नाही, पण त्यावरून पर्याय निवडता येत नाही.

मुंबई-गोवा महामार्गावरच्या नायरा पंपाचंच पाहा. नायरा एनर्जी म्हणजे पूर्वीची एस्सार ऑइल. २०१७ मध्ये रोसनेफ्ट या रशियन सरकारी तेल कंपनीने तिचा ४९.१३ टक्के हिस्सा घेतला. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय महासंघाने नायराच्या वाडिनार रिफायनरीवर निर्बंध लादले. ते निर्बंध इथल्या ग्राहकाला लागू होत नाहीत. तिथे पेट्रोल भरणं हा गुन्हा नाही, प्रश्न फक्त तुमच्या मनाचा आहे. आता तुमचा आक्षेप ‘युद्ध करणाऱ्या सरकारच्या कंपनीला नफ्यातला वाटा जाऊ नये’ असा असेल, तर इंडियन ऑइल, भारत किंवा हिंदुस्थान पेट्रोलियमचा पंप हा खरा पर्याय आहे, कारण तिथे रोसनेफ्टचा हिस्सा नाही. पण तुमचा आक्षेप ‘रशियाचं कच्चं तेल नको’ असा असेल, तर पंप बदलून काही साधत नाही. २०२२ पासून आपल्या सरकारी तेल कंपन्यांनीही रशियन तेल भरपूर घेतलं आहे. दोन आक्षेप दिसायला सारखे, पण एकात पंप बदलायचा आणि दुसऱ्यात गाडी कमी चालवायची.

आरोप कुणी सिद्ध केला, हेही त्याच वाक्यात घाला. न्यायालयाचा निकाल, एखाद्या देशाचे जाहीर निर्बंध, संयुक्त राष्ट्रांचा अहवाल, नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने कारणासह वगळलेल्या कंपन्यांची जाहीर यादी, या गोष्टी वाचून तपासता येतात. ‘सगळ्यांना माहीत आहे’ ही गोष्ट तपासता येत नाही, तेव्हा ती सोडून द्या.

पाकिटापासून मालकापर्यंत

पाकिटावर उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार यांचं नाव-पत्ता आणि आयात मालावर मूळ देश छापणं बंधनकारक आहे. ‘उत्पादक’ आणि ‘विक्रेता’ वेगवेगळे असतील तर ब्रँड बहुधा विक्रेत्याचा असतो, माल दुसऱ्याच कारखान्यात बनतो. मालकी शोधायची ती ब्रँडच्या कंपनीची.

दुकानाच्या किंवा हॉटेलच्या बिलावर १५ अक्षरी जीएसटी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्यातलं चौथं, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर पाहा. ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी, ‘पी’ असेल तर एका माणसाचा स्वतःचा धंदा. पाटी मोठ्या ब्रँडची आणि बिलावर ‘पी’, तर काउंटरवर बसलेला माणूस फ्रँचायझी किंवा डीलर आहे. त्याच्या धंद्यात परदेशी भागधारक असूच शकत नाही, हे ध्यानात असू द्या.

कंपनी असेल तर तिचा सीआयएन, म्हणजे सरकारी नोंदणीचा ओळख क्रमांक शोधा. तो बिलावर, लेटरहेडवर, बहुतेकदा वेबसाइटच्या तळाशीही असतो. एकूण २१ अक्षरं. पहिलं ‘एल’ म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, ‘यू’ म्हणजे न नोंदलेली. तेराव्या ते पंधराव्या जागेवर ‘एफटीसी’ दिसलं तर ती परदेशी कंपनीची उपकंपनी. मात्र ते नसलं म्हणून काहीही सिद्ध होत नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. हिंदुस्थान युनिलिव्हरच्या सीआयएनमध्ये साधं ‘पीएलसी’ (पब्लिक लिमिटेड कंपनी) आहे, तरी जवळपास ६२ टक्के हिस्सा युनिलिव्हरचा आहे.

‘एल’वाल्या कंपनीचं काम सोपं. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका आणि भागधारणेचा तक्ता उघडा. प्रवर्तक, म्हणजे कंपनीवर ताबा असलेले मुख्य मालक वेगळे दिसतात, आणि सार्वजनिक भागधारकांत १ टक्क्याहून जास्त हिस्सा असलेल्यांची नावं येतात. तक्ता दर तिमाही संपल्यावर २१ दिवसांत येतो. त्यामुळे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या अखेरीस पाहिलात तर ताजी माहिती मिळते.

‘यू’वाल्या कंपनीला वेळ लागतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर पत्ता, संचालक आणि कर्जाची नोंद फुकट दिसते. १०० रुपये भरले की दाखल केलेली कागदपत्रं ठरावीक वेळ पाहता येतात. त्यात एमजीटी-७ हे वार्षिक विवरण काढा, सोबत भागधारकांची यादी जोडलेली असते. नाव सिंगापूर किंवा मॉरिशसच्या एखाद्या अनोळखी कंपनीचं निघेल. तिथे थांबू नका, त्या नावामागचा फंड कोणता ते शोधा. साखळीत टक्के गुणायचे असतात: ज्याच्याकडे ४० टक्के, त्याच्यात कुणाचे ४० टक्के, तर नफ्यातला वाटा १६ टक्के. पण अधिकार असा गुणून कमी होत नाही. संचालक मंडळावर कुणाची माणसं बसतात हे वेगळं पाहायलाच हवं.

तुमच्या शंभरातले किती तिकडे जातात

फक्त हिशोब कळावा म्हणून हिंदुस्थान युनिलिव्हरच घेऊ. कंपनीच्या विक्रीतल्या दर १०० रुपयांमागे निव्वळ नफा साधारण १६-१७ रुपये राहतो आणि त्यातला बहुतेक लाभांश म्हणून वाटला जातो. त्याचे ६२ टक्के म्हणजे सुमारे १० रुपये परदेशी मालकाला. शिवाय रॉयल्टी आणि सेवाशुल्क: २०२३ मध्ये ते विक्रीच्या २.६५ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ३.४५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं. म्हणजे आणखी तीन-साडेतीन रुपये. हा आकडा वार्षिक अहवालात ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ या टिपेत सापडतो. लोक लाभांश पाहतात आणि रॉयल्टी विसरतात. रॉयल्टी विक्रीवर लागते, नफा कमी झाला तरी ती जातेच.

याच्या दुसऱ्या टोकाला तोट्यातल्या स्टार्टअपमध्ये २ टक्के असलेला फंड. त्याला तुमच्या ऑर्डरमधून एक पैसाही मिळत नाही. कंपनीची किंमत वाढली आणि त्याने हिस्सा विकला, तरच त्याला लाभ. त्या २ टक्क्यांसाठी कोपऱ्यावरच्या डिलिव्हरीवाल्या पोराचं काम तुटेल असं वागणं आम्हाला पटत नाही. आमचा साधा दंडक असा: नियंत्रण असेल तर माल बदला, नियंत्रण नसेल आणि हिस्सा दहा टक्क्यांहून जास्त असेल तर कंपनीला पत्र लिहा, त्याखाली असेल तर नोंद ठेवून पुढच्या तिमाहीत पुन्हा पाहा.

कल्टारची बाटली

कल्टार हा सिंजेंटा या शेती-औषध कंपनीचा ब्रँड. सिंजेंटाचं मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये, पण २०१७ मध्ये केमचायना या चिनी सरकारी कंपनीने ती सुमारे ४,३०० कोटी डॉलरना विकत घेतली आणि आता ती सायनोकेमच्या छत्राखाली आहे. अमेरिकेत आर्कान्सा राज्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्या उपकंपनीला शेतजमीन विकण्याचा आदेश दिला. इथे नियंत्रण पूर्ण आहे, त्यामुळे ज्याचा आक्षेप चिनी सरकारच्या मालकीवर आहे त्याने बदल करावा हे रास्त.

मात्र तो नीट करावा. कल्टारमधला क्रियाशील घटक पॅक्लोब्युट्राझॉल, आणि त्याची औषधं भारतीय कंपन्याही विकतात. मात्रा ठरते ती क्रियाशील घटकावर: झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला ०.७५ ग्रॅम, म्हणजे २३ टक्के एससी (पातळ स्वरूपातल्या) बाटलीतलं साधारण ३ मिली. सहा मीटर विस्ताराच्या कलमाला १८ मिली, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान. नवी बाटली वेगळ्या टक्क्यांची असेल तर मिली बदलतील. जुन्याच मापाने ओतलंत तर फुटवे आखूड होतात, मोहोर गुच्छासारखा दाटतो आणि औषध मातीत टिकून पुढच्या वर्षीही कलमाला त्रास देतं. लेबलवर नोंदणी क्रमांक, टक्केवारी आणि बॅच पाहा, कृषी सेवा केंद्रातून पक्कं बिल घ्या. सुटी, बिनलेबलची भुकटी स्वस्त मिळते, पण ती कुणी बनवली हेच कळत नाही, मग मालकीचा शोध कसला घेणार?

जिथे बदल फुकट आहे, आणि जिथे मुळीच नाही

मासळीवालीच्या टोपलीपाशी लावलेला क्यूआर कोड फोनपेचा असला तरी तुम्ही कुठल्याही यूपीआय अ‍ॅपने पैसे देऊ शकता. फोनपे वॉलमार्टच्या ताब्यात आहे म्हणून नको वाटत असेल, तर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं भीम अ‍ॅप घ्या. मासळीवालीला काही सांगायची, सुनावायची गरज नाही. तिच्या बँक खात्यात रक्कम तेवढीच जमा होते.

नौकेच्या डिझेलचं मात्र तसं नाही. करपरताव्याच्या डिझेलचा कोटा मच्छीमार सोसायटीमार्फत मिळतो आणि पंप कुठल्या तेल कंपनीचा हे सोसायटी ठरवते. एकट्या नाखव्याने बाहेरून भरलं तर नुकसान त्याचंच. हा विषय सोसायटीच्या वार्षिक सभेत, कराराची मुदत संपायच्या आधी मांडावा.

काही ठिकाणी तर ग्राहक म्हणून हातात काहीच नसतं. दाभोळला एन्रॉनची वीज घरांनी निवडली नव्हती, करार वीज मंडळाने केला होता. रत्नागिरीच्या रिफायनरीसाठी २०१८ मध्ये सौदी अरामको आणि अबुधाबीच्या अ‍ॅडनॉकशी करार झाले, तेव्हाही दुकानातून उत्तर देता आलं नसतं. तिथे ग्रामसभेचा ठराव, जनसुनावणी, माहिती अधिकार आणि न्यायालय हेच मार्ग.

डीलरच्या दुकानासमोर घोषणा देऊ नका आणि गावच्या ग्रुपवर त्याचं नाव टाकून ‘अमक्या देशाचा दलाल’ लिहू नका. त्याने ठेव भरलेली असते, करार मोडला तर ती बुडते. शिवाय खोटी बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. गुंतवणूकदाराच्या देशावरून इथल्या कुणाच्या जातीधर्मावर घसरणं तर केव्हाही चूक.

पत्र कंपनी सचिवाला पाठवा, ईमेल वार्षिक अहवालात असतो. प्रत पाकिटावरच्या ग्राहक सेवेला. एक पान पुरे: कुठलं उत्पादन किती वर्षं घेता, कुठल्या भागधारकावर आक्षेप आहे, त्याचा टक्का आणि तक्त्याची तारीख, आरोपाचा आधार, आणि दोनच प्रश्न, म्हणजे या भागधारकाचा संचालक मंडळावर प्रतिनिधी आहे का, आणि त्याला लाभांशाशिवाय आणखी काही रक्कम जाते का. बचत गटाने किंवा बागायतदार संघाने सह्या करून पाठवलं तर दखल घेतली जाण्याची शक्यता वाढते. उत्तराला ३० दिवस द्या. तेवढ्यात आलं नाही तर एक शेअर घेऊन वार्षिक सर्वसाधारण सभेत तोच प्रश्न विचारता येतो. या सभा ऑनलाइन असतात तेव्हा देवगडात बसूनही हजेरी लावता येते, मात्र बोलायचं असेल तर सूचनेत दिलेल्या मुदतीत आधी नाव नोंदवावं लागतं.