बीपीएम जुळूनही मिक्स विस्कटत होता: माझा अनुभव

नागपुरात मानेवाड्याला घरी डीजेचा सराव करताना दोन्ही गाणी १२८ बीपीएमवर (मिनिटाला १२८ ठोके) असूनही मिक्स, म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्यात जाणं, विस्कटायचा. एका गाण्यावर दुसऱ्याचा आवाज चढायचा. ठोके आपोआप जुळवणारं सिंक बटण, वेग बदलणारा पिच फेडर, काहीच कामी आलं नाही. जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

ठोके जुळत होते, फ्रेज (गाण्याचा एक पूर्ण टप्पा) नाही. ४ ठोक्यांचा बार, ८ बारची फ्रेज: ३२ ठोके, १२८ वर बरोबर १५ सेकंद. क्लब ट्रॅक बहुधा याच सीमेवर बदलतो.

आधी नव्या गाण्याच्या पहिल्या ठोक्यावर क्यू (सुरुवातीची खूण) लावला, त्याचा बेस (खालचा, जड आवाज) ईक्यूवर, म्हणजे बेस-ट्रेबल कमी-जास्त करणाऱ्या बटणांवर, बंद केला. चालू गाण्याचं आउट्रो (शेवटचा भाग) सुरू होताना नेमक्या ‘एक’वर, म्हणजे फ्रेजच्या पहिल्या ठोक्यावर, नवं गाणं प्ले. १६ बारनंतर, पुन्हा ‘एक’वरच, बेसची अदलाबदल: जुन्याचा बंद, नव्याचा चालू. मग जुन्याचा आवाजाचा फेडर खाली. आपल्या हिंदी-मराठी गाण्यांचा इंट्रो (सुरुवातीचा भाग) मात्र कधी ४, कधी ६ बारचाच असतो. तो आधी ऐकून मोजायचा.