नदीकाठच्या पायरीवरची माती ओळखताना या चुका टाळा

मे महिन्यात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात म्हादई नदीच्या काठावर उभे राहिले की नदी खाली गोट्यांतून वाहताना दिसते. आपण उभे असतो ती जमीन तिच्यापासून तीन-चार मीटर वर, सपाट, पोफळी-माडांनी भरलेली. ही जमीन म्हणजे नदीनेच मागे सोडलेली पायरी. कधीकाळी इथे दर पावसाळ्यात पुराचे पाणी पसरायचे, गाळ टाकून जायचे. पुढे नदीने पात्र खोल कापले आणि तिचा जुना पूरपट्टा वर राहून गेला.

अशा पायरीवरची बरीच माती ‘मध्यम निचऱ्याची’ निघते. अतिनिचऱ्यापासून अगदी वाईट निचऱ्यापर्यंत एकूण सात वर्ग आहेत, त्यांतला हा बरोबर मधला. वरचा अर्धा मीटर तांबूस-तपकिरी, भुसभुशीत, निरोगी. त्याखाली कुठेतरी राखाडी चट्टे, म्हणजे साचलेल्या पाण्यात लोह निघून गेल्याच्या खुणा, सुरू होतात. पाणी वर्षातला थोडाच काळ मुळांच्या टप्प्यात थांबते, पण थांबते. दोन्ही टोकांच्या माती ओळखायला सोप्या असतात. ही मधली मात्र कोरड्या दिवशी चांगल्या निचऱ्याची वाटते आणि पावसाळ्यात वाईट निचऱ्याची. सर्वेक्षणाला निघालेले विद्यार्थी, नवे कृषी सहाय्यक आणि कुळागर (पोफळी-माडांची मिश्र बाग) घालायला निघालेले तरुण इथेच फसतात. मीही फसलो आहे, म्हणून हे लिहितो.

एका दिवसाच्या पाण्यावरून निचरा ठरवणे

माझ्या पहिल्या काही खड्ड्यांपैकी एक एप्रिलमध्ये खणलेला होता. दीड मीटरपर्यंत ओल नव्हती. नदी एवढी खाली, खड्डा एवढा कोरडा, म्हणून मी वहीत ‘उत्तम निचरा’ लिहिले. ऑगस्टमध्ये त्याच कुळागरात दुसऱ्या कामासाठी गेलो, तेव्हा त्याच खड्ड्यात सुमारे ७० सेंमीवर पाणी उभे होते. खड्ड्याच्या भिंतीवर राखाडी चट्टे एप्रिलमध्येही होतेच. मी पाणी शोधत होतो आणि पाण्याने मागे ठेवलेली खूण माझ्या नजरेतून सुटली होती.

उलटी चूकही तेवढीच होते. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सलग आठवडाभर झड लागल्यावर खणलेल्या खड्ड्यात पाणी दिसले म्हणून माती वाईट निचऱ्याची ठरत नाही. पाणी किती खोलीवर आहे यापेक्षा ते तिथे किती दिवस राहते हे महत्त्वाचे.

सोपा उपाय आहे. भोके पाडलेली पीव्हीसी नळी दीड मीटर खोल उभी पुरावी, भोवती बारीक रेव भरावी आणि वरचा वीतभर भाग चिकणमातीने घट्ट लिंपावा. हे लिंपणे चुकवू नका, नाहीतर वरचे पाणी नळीच्या कडेने सरळ खाली उतरते आणि पातळी खोटी दाखवते. मेच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत आठवड्यातून एकदा काठी घालून पातळी मोजा. एका मोसमाची ही वही दहा जणांच्या अंदाजांपेक्षा भरवशाची असते.

‘खाली रेव आहे, पाणी जाईलच’

हा समज शेतकऱ्यांत आहे, अभियंत्यांत आहे, आणि वाचायला पटेल असाही आहे. पायरीच्या मातीत मीटर-सव्वा मीटरवर गोटे आणि रेव लागते. तो नदीचा जुना तळ आहे. मग पाणी तिथून निसटून जायला हवे, नाही का?

तसे होत नाही. वरच्या गाळमातीतली छिद्रे बारीक असतात आणि बारीक छिद्र पाण्याला ओढून धरते. रेवेतली छिद्रे मोठी, त्यांची ओढ जवळजवळ नाहीच. त्यामुळे वरची माती जवळपास पूर्ण भिजेपर्यंत पाणी रेवेत उतरतच नाही. भिजलेला स्पंज कोरड्या खड्यांवर ठेवा. खडे कोरडे राहतात आणि स्पंज तळाशी ओथंबलेला राहतो, अगदी तसेच. म्हणून या मातीत राखाडी चट्टे बऱ्याचदा रेवेच्या लगेच वरच्या हातभर थरात सर्वांत दाट असतात आणि रेव मात्र तांबडी, स्वच्छ असते.

इथे पाणी वरून अडले आहे की खालून चढले आहे हे ओळखणे आवश्यक आहे. ढेकूळ हातात घेऊन फोडा. मुळांच्या जुन्या वाटा आणि ढेकळाचे बाहेरचे पृष्ठ राखाडी, आतला गाभा मात्र तांबूस असेल तर पाणी वरून येऊन थांबलेले आहे. गाभा राखाडी आणि मुळांच्या वाटांभोवती गंजाचे वेष्टण असेल तर भूजल खालून चढते. पहिल्या प्रकारात वरचे पाणी चराने बाजूला काढले की बराच फरक पडतो. दुसऱ्या प्रकारात उथळ चर खणून हाती काही लागत नाही.

रंग वाचताना होणाऱ्या चुका

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून थोडे थांबून सांगतो.

कुळागरात बसून मन्सेलचे रंगपुस्तक, म्हणजे मातीचा रंग जुळवून पाहायच्या नमुन्यांची पुस्तिका, उघडू नका. पोफळीच्या झावळ्यांतून झिरपणारा उजेड हिरवट असतो आणि त्यात तपकिरी माती करडी दिसते. ढेकूळ उन्हात आणा, पाण्याने हलकेच ओलसर करा, चकाकी जाईपर्यंत थांबा आणि मग रंग वाचा. कोरड्या मातीचा रंग वेगळा नोंदवा, दोघांची सरमिसळ करू नका. राखाडी चट्ट्याची कसोटी त्याच्या क्रोमावर, म्हणजे रंगपुस्तकातल्या रंगाच्या तीव्रतेच्या आकड्यावर, आहे. ओल्या मातीत क्रोमा २ किंवा त्याहून कमी असेल तरच तो लोह निघून गेल्याचा चट्टा. तीनचा आकडा दोनच्या जवळचा म्हणून दोन लिहिणे ही फसवणूक आहे, कारण पुढचे वर्गीकरण या एका आकड्यावर फिरते.

दुसरी गोष्ट आपल्या जांभ्याची. सड्यावरून (जांभ्याच्या पठारावरून) वाहून आलेले जांभ्याचे खडे पायरीच्या मातीत सर्रास सापडतात. लाल-पिवळे, कडक, गोलसर. नवखा माणूस त्यांनाच पाण्याच्या चढउताराची खूण समजतो. त्यांची कड पाहा. जागेवर, आजच्या पाण्याने तयार होत असलेल्या डागाची कड विरघळल्यासारखी असते, रंग हळूहळू आजूबाजूच्या मातीत मिसळतो. वाहून आलेल्या किंवा फार जुन्या खड्याची कड सुरीने कापल्यासारखी स्पष्ट असते. काळे ठिपके दिसले तर त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाका. जोरात फसफसले तर मँगनीज. सेंद्रिय मातीही फसफसते, पण सावकाश.

तिसरी, भाताची. अनेक पायऱ्यांवर पूर्वी सरद (पावसाळी) भात होई आणि नंतर तिथे बाग आली. चिखलणीने नांगरटीचा थर करडा होतो आणि त्याखाली दाबलेला कडक पट्टा तयार होतो. ते करडेपण माणसाने साठवलेल्या पाण्याचे आहे. खाली ४० सेंमीवर माती पुन्हा तांबूस झाली तर समजा की नैसर्गिक निचरा चांगला होता आणि वरचा थर भाताचा वारसा आहे. शेताचा इतिहास विचारल्याशिवाय खड्डा वाचू नये, असे मी म्हणतो ते यासाठी.

आणि चौथी, गोव्यापुरती फार खरी. खाणपट्ट्यातून येणाऱ्या ओहोळांच्या काठी वरचा वीतभर थर लालभडक, रेशमासारखा मऊ आणि मुळांशिवायचा दिसतो. तो खाणीच्या टाकाऊ मातीतून पावसात वाहून आलेला गाळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली खाणकाम थांबवले, तरी आधीचा गाळ जागेवरच आहे. त्याला ‘वरचा सुपीक थर’ म्हणू नका आणि त्याचा लाल रंग पाहून निचरा उत्तम आहे असेही समजू नका. तो रंग खाणीतून आला, आपल्या जमिनीतल्या हवापाण्याशी त्याचा संबंध नाही. हा गाळ ५० सेंमीपेक्षा कमी जाड असेल तर खालची माती वर्गीकरणात ‘गाडलेली’ ठरत नाही. नोंद मात्र वेगळी करायलाच हवी.

पोत पाहताना घाई

जांभ्याच्या मुलखातली माती बोटांना खोटे सांगते. लोहाच्या संयुगांनी चिकणमातीचे कण घट्ट बांधलेले असतात, त्यामुळे पहिल्या चोळण्यात ती पोयट्यासारखी, कधी वाळूसारखी लागते. पाणी घालून दोन-तीन मिनिटे मळत राहा. मग ती हळूहळू चिकट होते आणि बोटांत दाबून काढलेली तिची फीत लांब निघू लागते. प्रयोगशाळेतही हेच होते. कण नीट विलग केले नाहीत तर चिकणमातीचे प्रमाण कमी येते आणि माती कागदावर हलकी होते.

पाणी जिरण्याचा वेग जमिनीत ठोकलेल्या गोल कड्याने (रिंगने) मोजणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की ओहोळाकाठी खेकड्यांची बिळे असतात. कडे त्यावर बसले तर आकडा अफाट येतो. किमान पाच ठिकाणी मोजा आणि विचित्र आकडा आला तर कड्याखाली खणून बघा.

निचऱ्याचा वर्ग आणि वर्गीकरणाचे नाव एकच समजणे

विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत मला ही चूक वारंवार दिसते. ‘मध्यम निचऱ्याची, म्हणून अक्विक’ (म्हणजे पाण्याने भरून प्राणवायू संपणारी) असे सरळ लिहून टाकलेले असते. अमेरिकन मृदा वर्गीकरण पद्धत, जी आपल्याकडचे सर्वेक्षणही वापरते, तसे म्हणत नाही.

एक खड्डा समजा. वरचे १८ सेंमी तपकिरी, चिकणमाती २४ टक्के. त्याखाली ६२ सेंमीपर्यंत तांबूस-तपकिरी, चिकणमाती २८ टक्के. ६२ पासून क्रोमा २ चे चट्टे. १०५ वर रेव. चिकणमाती वाढली म्हणून हा अर्जिलिक थर, म्हणजे वरून उतरलेली चिकणमाती साठलेला थर, म्हणायचा का? वरच्या थरातली चिकणमाती १५ ते ४० टक्क्यांच्या मध्ये असेल तर खालचा किमान १.२ पट हवा. २४ ची १.२ पट म्हणजे २८.८. आपल्याकडे २८ आहे. म्हणजे नाही. शिवाय ढेकळांवर चिकणमातीची चकचकीत पुटे आहेत का तेही पाहायला हवे. पुटे नाहीत, रचना तयार झाली आहे, गाळाचे मूळ पापुद्रे मोडले आहेत, म्हणजे हा कॅम्बिक (थोडासाच विकसित) थर आणि माती इन्सेप्टिसॉल, म्हणजे जिची घडण अजून सुरुवातीची आहे अशी.

पुढे आपल्या हवामानात ती अस्टेप्ट, म्हणजे लांब कोरड्या मोसमाची इन्सेप्टिसॉल. २५ ते ७५ सेंमीमधल्या सगळ्या थरांत अमोनियम अॅसिटेट पद्धतीने काढलेली विनिमयक्षम क्षारकांची (कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरेंची) संपृक्तता ६० टक्क्यांच्या खाली असेल आणि चुनखडी नसेल तर डिस्ट्रस्टेप्ट, म्हणजे कमी क्षारकांची अस्टेप्ट. चट्टे ७५ सेंमीच्या आत सुरू झाले आणि तिथे माती खरोखर पाण्याने भरून प्राणवायू संपतो, म्हणून अक्विक डिस्ट्रस्टेप्ट.

आता तेच चट्टे ८० सेंमीवर सुरू झाले असते तर? शेतावरचा निचरा तरीही ‘मध्यम’च राहिला असता, पण अक्विकचे दार बंद झाले असते. मग सेंद्रिय कर्ब खोलीनुसार अनियमित कमी होतो का, किंवा १२५ सेंमीवर ०.२ टक्के किंवा जास्त आहे का, हे पाहून फ्लुव्हेंटिकचा, म्हणजे नदीच्या गाळाची खूण असलेल्या उपगटाचा, विचार करावा लागतो. नदीच्या पायरीवर हा प्रश्न नेहमी येतो, कारण जुन्या पुरांनी गाडलेले काळपट पट्टे आत असतात. पट्टा डोळ्यांनी दिसला एवढ्यावर थांबू नका, प्रत्येक थराचा कर्ब मोजा. कोळशाने किंवा मँगनीजने काळा झालेला पट्टाही तसाच दिसतो.

मृदा आरोग्य पत्रिका यासाठी पुरेशी नाही. ती वरच्या थरातली अन्नद्रव्ये सांगते. निचरा, खोली, थर यांबद्दल तिच्यात काही नसते. कुळागरात वर्षानुवर्षे चुना घातला असेल तर वरच्या नमुन्याची क्षारक संपृक्तता मूळ मातीबद्दल काहीच सांगत नाही. नमुने थरानुसार घ्या, ठरावीक १५-१५ सेंमीचे तुकडे करू नका, कारण त्यात दोन थर मिसळतात आणि २४ व २८ दोन्ही २६ होऊन बसतात.

एक भौगोलिक इशारा. मांडवीवर भरतीचा परिणाम गांजेपर्यंत आणि झुवारीवर सांगेपर्यंत जाणवतो. त्याच्या खालच्या अंगाला खाजनांचा (बांध घालून राखलेल्या खाऱ्या सखल जमिनींचा) मुलूख सुरू होतो, तिथली पाण्याची पातळी भरती-ओहोटीबरोबर हलते आणि क्षारही येतात. तिथल्या सपाट जमिनीला ही पायरीची ओळख लावू नका.

लागवडीचा खड्डा

सुपारीसाठी ९० सेंमी लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यायची शिफारस सर्वांना पाठ असते. जिथे ६० सेंमीपासून चट्टे आहेत, तिथे हा खड्डा पावसाळ्यात पाण्याचे टाके होतो, कारण सैल भरलेल्या मातीत पाणी उतरते आणि भोवतालच्या घट्ट मातीत अडते. माझ्या ओळखीच्या एका तरुणाची दोन वर्षांची रोपे अशीच पिवळी पडली. त्याने आधी नत्र दिले, मग सूक्ष्म अन्नद्रव्ये दिली, फरक पडला नाही. आम्ही एका रोपाशेजारी खणले तेव्हा मुळांची टोके काळी, मऊ होती आणि मातीला सडक्या अंड्यासारखा वास होता. पुढच्या लागवडीत त्याने खड्डे ६० सेंमीच्या आत ठेवले, रोपे थोड्या उंचवट्यावर लावली, दोन ओळींमधून खड्ड्याच्या तळापेक्षा खोल चर नदीच्या बाजूला नेले आणि ते मेच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी मोकळे केले. जुन्या पिवळ्या रोपांपैकी ज्यांची वरची मुळे पांढरी होती तेवढी त्याने ठेवली, बाकीची काढून टाकली.