'प्लॅनेटफॉल' पहिल्यांदा खेळताना

'प्लॅनेटफॉल' हा इन्फोकॉम या अमेरिकन कंपनीचा १९८३ सालचा खेळ, स्टीव्ह मेरेट्झ्कीने लिहिलेला. यात चित्र एकही नाही. पडद्यावर मजकूर येतो, तो वाचायचा आणि पुढे काय करायचं ते साध्या इंग्रजीत टाइप करायचं. आजच्या संगणकावर खेळाची फाइल 'फ्रॉट्झ'सारख्या प्रोग्रॅममध्ये उघडते.

बसण्याआधी कोरा कागद आणि पेन्सिल घ्या. प्रत्येक जागेसाठी एक चौकोन काढा आणि कुठल्या दिशेला काय आहे ते लिहा. नकाशा नसला की तासाभरात तुम्ही त्याच त्या बोळांत फिरत बसता.

सुरुवातीला तुम्ही अवकाशयानावर फरशी घासत असता. जागा सोडून भटकू नका, वरिष्ठ अधिकारी कोठडीत टाकतो. 'झेड' दाबून वेळ जाऊ द्या. स्फोट झाला की पश्चिमेला असलेल्या सुटकेच्या छोट्या यानाचं दार उघडतं. लगेच आत शिरा आणि सुरक्षा जाळीत बसा. हे छोटं यान पाण्यात आदळून थांबलं की उठा, शिधा असलेली पेटी उचला, दार उघडा आणि बाहेर पडून वर चढा. इथे रेंगाळलात तर बुडालात.

वर एक ओसाड वसाहत आहे. इथे घाई सोडा. खेळातलं घड्याळ तुमच्या आज्ञांवर चालतं, त्यामुळे विचार करायला हवा तितका वेळ घ्या. भूक आणि झोप मात्र खरीच लागते. तब्येत बघायला 'डायग्नोज' टाइप करा.

यंत्रमानवांच्या कार्यशाळेत एक बंद यंत्रमानव आहे. 'टर्न ऑन रोबॉट' लिहिलं तर काहीच होत नाही, आणि बरेच जण तिथूनच माघारी फिरतात. जाऊ नका! दोनचार खेळ्या थांबा. तो डोकं फिरवत जागा होतो. हा फ्लॉइड. लहान मुलासारखा मागे मागे येतो, मध्येच खेळायला पळतो आणि परत येतो. त्याच्याशी बोला, त्याला कामं सांगा. मजकुरातल्या पात्रावर इतका जीव जडू शकतो, हे मला त्याच्यामुळे कळलं. त्याचं पुढे काय होतं ते आधी कुठेही वाचू नका.

एक कोडं सांगून टाकतो. फटीत अडकलेली किल्ली बोटांनी निघत नाही. हत्यारांच्या खोलीतली वाकडी धातूची पट्टी लोहचुंबक आहे, ती फटीवर धरा. किल्ली मिळताच चुंबक तिथेच टाका. तो जवळ राहिला तर दारं उघडायची कार्डं बिघडतात, आणि ते फार उशिरा लक्षात येतं.

म्हणून दर नव्या खोलीआधी 'सेव्ह' करा. फ्लॉइड जवळ असेल तर तो उत्साहाने विचारतो, आता आपण काही धोक्याचं करणार का?