प्रत्येक विषयाच्या तासाला ऑनलाइन नकाशा

ऑनलाइन नकाशा वर्गात वापरताना शिक्षकाने आधी प्रश्न ठरवावा आणि साधन त्यानंतर निवडावे. नुसते 'हे पाहा आपले ठाणे' म्हणून पडद्यावर उपग्रहचित्र दाखवले, तर मुले आपापली इमारत शोधतात आणि तास तिथेच संपतो.

सुरुवात गणितापासून करावी, असे माझे मत आहे, कारण तिथे कोणी नकाशाची अपेक्षा करत नाही. संगणकावर गूगल अर्थ (उपग्रहचित्रांतून पृथ्वी दाखवणारे साधन) उघडून ठाण्यातला मासुंदा तलाव शोधावा. मोजमापाची पट्टी घेण्यापूर्वी प्रत्येक गटाने तलावाची परिमिती अंदाजाने वहीत लिहावी. मग काठावर एकेक बिंदू देत शेवटचा बिंदू पहिल्याला जोडला, की परिमिती आणि क्षेत्रफळ दोन्ही मिळतात. मोजकेच बिंदू दिलेल्या गटाचे आणि काठाच्या प्रत्येक वळणावर बिंदू दिलेल्या गटाचे उत्तर सारखे येत नाही. या फरकावर घाई न करता चर्चा होऊ द्यावी. मोजमापातील त्रुटी म्हणजे काय, हे मुलांना इथे स्वतःच्या आकड्यांतून उमगते.

इतिहासासाठी 'माय मॅप्स' हे स्वतःचा नकाशा बनवण्याचे गूगलचे साधन अधिक सोयीचे आहे. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे १७३७ मध्ये घेतले आणि वसई १७३९ मध्ये पडली. ठाणे, घोडबंदर, बेलापूर आणि वसई येथे खुणा करायला सांगून, कल्याणकडून साष्टी बेटात शिरणाऱ्या फौजेला कोणते पाणी ओलांडावे लागेल, एवढेच विचारावे. खाडीचा अरुंद पट्टा आणि त्याच्या काठावरचा ठाण्याचा किल्ला एकाच वेळी नजरेसमोर आला, की ठाण्याचे महत्त्व वेगळे समजावावे लागत नाही. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली. तो लोहमार्ग याच नकाशावर दुसऱ्या थरात काढता येतो.

विज्ञान आणि पर्यावरणासाठी गूगल अर्थमधील टाइमलॅप्स, म्हणजे वर्षागणिक बदलत जाणारी उपग्रहचित्रे, पाहावा. त्यात १९८४ पासूनची चित्रे आहेत. नवी मुंबईतील उलवे परिसरावर थांबून विमानतळासाठी सपाट केलेली टेकडी आणि वळवलेली नदी दाखवावी, मग ऐरोलीजवळच्या कांदळवनाकडे वळावे. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे, त्यामुळे खाडीतील रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा विषय इथे आपोआप येतो. मराठीच्या तासाला धड्यातील प्रवासवर्णनाचा मार्ग मुलांकडून आखून घ्यावा आणि प्रत्येक खुणेखाली लेखकाचे वाक्य नव्हे, तर मुलांनी स्वतः लिहिलेल्या दोन ओळी टाकाव्यात.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगायला हव्यात. खुणांची यादी एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून जतन केल्यास देवनागरी अक्षरांऐवजी कधीकधी निरर्थक चिन्हे दिसतात. यादी गूगल शीटमध्येच तयार करून तिथून आयात केल्यास हा त्रास टळतो. नकाशा शिक्षकाच्या खात्यातून बनवावा आणि दुवा फक्त वर्गापुरता ठेवावा. मुलांची घरे, येण्याजाण्याच्या वाटा किंवा नावे त्यावर कधीही घालू नयेत. 'माझे घर ते शाळा' हा उपक्रम कितीही आकर्षक वाटला, तरी तो कागदावरच करावा. शाळेतील इंटरनेट रेंगाळत असेल, तर आवश्यक दृश्यांची चित्रे आदल्या दिवशीच प्रमाणपट्टीसह साठवून ठेवावीत, म्हणजे छापील प्रतीवर फूटपट्टीनेही अंतर काढता येते.