गाडीच्या एसीत घरी गॅस भरायचाय? मग आधी वजनकाटा आणा

मार्च संपत आला की गॅरेजवाल्यांकडे एसीच्या गाड्यांची रांग लागते आणि बहुतेकांना एकच उत्तर मिळतं, गॅस संपलाय, भरून टाकू. तर सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसू द्या की एसीतला गॅस संपत नसतो. तो पेट्रोलसारखा जळत नाही, तोच गॅस कंप्रेसर, कंडेन्सर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल असा बंद नळ्यांमधून फिरत राहतो. रबरी होज आणि कंप्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षानुवर्षं थोडा थोडा झिरपतो हे खरंय, त्यामुळे आठ-दहा वर्षं जुन्या गाडीत थोडा कमी झालेला असला तर त्यात नवल नाही. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर लीक आहे, आणि ते न शोधता नुसता गॅस ओतत राहणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

मी इथे लिहितोय ते आर १३४ए गॅसवाल्या साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांबद्दल, म्हणजे आपल्याकडच्या रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्या. बोनेट उघडलं की आतल्या बाजूला किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर एक स्टिकर असतो, त्यावर गॅसचं नाव आणि किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. तो आकडा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढचं सगळं काम त्याच्यावरच चालणार आहे. छोट्या गाडीत हा आकडा साधारण ३०० ते ५०० ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे ५०-६० ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फरक पडतो.

आता गॅसला हात लावायच्या आधी बाकीच्या गोष्टी बघून घ्या, कारण कूलिंग कमी होण्याची निम्मी कारणं गॅसशी संबंधित नसतातच. हवाच कमी येतेय का? मग ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघा, धुळीने गच्च भरलेला असू शकतो. हायवेला छान थंड आणि सिग्नलला उभं राहिलं की गरम, असं होत असेल तर कंडेन्सरचा पंखा फिरतोय का ते बघा, एसी चालू केल्यावर तो फिरायला हवा. कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढची जाळी, तिच्यात किडे, माती, कापूस असं काय काय अडकलेलं असतं, साध्या पाइपने हलक्या धारेने धुवा, प्रेशर वॉशर जवळून मारू नका, जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात. आणि सुरुवातीला मस्त थंड, अर्ध्या तासाने हवाच यायची बंद, मग गाडी थोडा वेळ थांबवली की परत थंड, असं असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय, आधी सेन्सर किंवा थर्मोस्टॅट तपासून घ्यायला हवा.

हे सगळं नीट असेल तर इंजिन चालू करून एसी लावा आणि कंप्रेसरचा क्लच टक करून लागतोय का ऐका. जाड नळी आणि बारीक नळी अशा दोन नळ्या दिसतील, जाड नळी थंड आणि घाम फुटलेली असायला हवी, बारीक नळी गरम असते, हात लावताना जपून, चांगली चटका देणारी असते. जाड नळी जेमतेम गार असेल आणि क्लच सारखा लागतोय-सुटतोय असं होत असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता बरीच आहे.

सामान काय लागतं ते सांगतो. मॅनिफोल्ड गेज म्हणजे दाब मोजायचा जोडकाटा (निळा लो साइडचा म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा, लाल हाय साइडचा म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा, मधली पिवळी होज), आर १३४ए चा कॅन, कॅनला भोक पाडून गॅस सोडणारा पिन व्हॉल्व्ह, किचनमधला डिजिटल वजनकाटा, एक साधा थर्मामीटर, चष्मा म्हणजे वेल्डिंगवाले घालतात तसला नव्हे, साधा पारदर्शक सेफ्टी गॉगल, आणि जाड हातमोजे. गॉगल आणि मोजे यावर अजिबात तडजोड नको. हा गॅस साध्या दाबाला उणे २६ अंशाला उकळतो, म्हणजे द्रव डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. काम मोकळ्या हवेत करायचं, सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये नको, कारण गॅस हवेपेक्षा जड आहे, खाली साचतो आणि गुदमरायला होतं. जवळपास सिगारेट, शेगडी काही नको, ज्वाळेत हा गॅस विषारी वाफा करतो.

कॅन घेताना त्याच्यावर काय लिहिलंय ते नीट वाचा. ज्याच्यात लीक बंद करणारं सीलंट मिसळलेलं असतं तो घेऊ नका. ते एक्सपान्शन व्हॉल्व्ह चोक करू शकतं आणि पुढे मोठ्या वर्कशॉपच्या रिकव्हरी मशीनमध्ये (गॅस काढून घेणाऱ्या) गेलं तर मशीन खराब होतं, मग ते लोक गाडीला हातच लावत नाहीत. आणि स्वस्तात मिळतो म्हणून कुणी एलपीजीचं मिश्रण भरून देतो म्हणाला तर तिथून गाडी काढा. कूलिंग कॉइल केबिनच्या आत असते, लीक झाली तर पेटणारा गॅस तुमच्या मुलांच्या नाकासमोर येणार.

आता इंजिन बंद असताना गेज लावा. लो साइडचं पोर्ट जाड नळीवर, टोपीवर एल लिहिलेलं, हाय साइडचं बारीक नळीवर, एच लिहिलेलं. दोन्हीचे कपलर वेगवेगळ्या मापाचे असतात त्यामुळे उलटे बसत नाहीत, बसत नसेल तर जोर लावू नका, तुम्ही चुकीच्या पोर्टवर आहात. गाडी काही तास सावलीत उभी असेल तर दोन्ही काटे सारखंच दाखवतील, ३० अंश तापमानाला साधारण ९५ पीएसआयच्या (दाबाचं एकक) पुढेमागे, ३५ ला ११५ च्या जवळ, ४० ला १३० च्या वर.

इथे एक गोष्ट फार लोक चुकीची समजतात म्हणून थोडं थांबून सांगतो. उभ्या गाडीतला हा दाब फक्त तापमानावर ठरतो, आत किती गॅस आहे त्यावर नाही. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी काटा तेच दाखवणार, मग १५० ग्रॅम असो की ४०० ग्रॅम. त्यामुळे "प्रेशर बरोबर आहे म्हणजे गॅस फुल आहे" हे खोटं आहे. दाब त्या तापमानाच्या आकड्यापेक्षा खूपच कमी आला तरच कळतं की आत द्रव उरलेलाच नाही, जवळपास रिकामं आहे. चालू गाडीतल्या दाबावरूनही अंदाजच येतो, आणि ज्या कंप्रेसरचा स्ट्रोक आपोआप कमीजास्त होतो त्यात लो साइडचा काटा जवळजवळ हलतच नाही. म्हणून मी वजनाचा एवढा आग्रह धरतोय.

आता दोन परिस्थिती. पहिली, सिस्टीम जवळपास रिकामी आहे. मग नुसता गॅस भरायचा नाही. लीक शोधून दुरुस्त करायचं, रिसीव्हर ड्रायर (आतला ओलावा शोषणारा डबा) बदलायचा, आणि मग व्हॅक्यूम पंपाने किमान अर्धा तास ओढायचं. आत हवा राहिली तर हाय साइडचा दाब वाढतो आणि पाणी राहिलं तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ होतो, शिवाय तेलासोबत मिळून आतून गंज आणतं. व्हॅक्यूम ओढून पंप बंद करा आणि काटा पंधरा-वीस मिनिटं जागेवर राहतोय का बघा, वर चढत असेल तर लीक अजून आहे. पंप नसेल तर हे काम चांगल्या वर्कशॉपकडे द्या, खरंच सांगतो. तिथे स्टिकरवरचा आकडा मशीनमध्ये टाकून मोजून भरून घ्या, अंदाजे नको.

दुसरी परिस्थिती, गॅस आहे पण थोडा कमी आहे. हे घरी होतं. कॅनला पिन व्हॉल्व्ह लावा, पिवळी होज जोडा, कॅन उघडा आणि मॅनिफोल्डच्या टोकाला होजचा नट क्षणभर ढिला करून फुस्स करून हवा काढून परत घट्ट करा. नाहीतर होजमधली हवा सरळ सिस्टीममध्ये जाते. मग कॅन वजनकाट्यावर ठेवून वजन लिहून घ्या.

इंजिन चालू, एसी सगळ्यात थंडवर, ब्लोअर फुल, खिडक्या उघड्या, आणि कुणाला तरी आत बसवून साधारण १५०० आरपीएमवर धरायला सांगा. लाल व्हॉल्व्ह बंद म्हणजे बंद, चालू गाडीत तो कधीही उघडायचा नाही, कारण हाय साइडला २०० पीएसआयच्या वर दाब असतो, तो उलटा कॅनमध्ये गेला तर कॅन फुटतो. यात जीव जाऊ शकतो, म्हणून दोनदा हात लावून खात्री करा. आता निळा व्हॉल्व्ह हळूच उघडा, कॅन उभाच ठेवा म्हणजे वाफ जाईल, उलटा केला तर द्रव जातो आणि द्रव दाबला जात नाही, कंप्रेसरचे व्हॉल्व्ह तुटतात. कॅन गार पडून गॅस जायचा मंदावला तर कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा, हाताला सहज सोसवेल इतकंच कोमट. उकळतं पाणी, हीट गन, गरम बोनेट काही नको.

आत आधी किती आहे ते माहीत नसतं, म्हणून एका वेळी मोजून ३०-४० ग्रॅमच, मग निळा बंद, पाच मिनिटं थांबा, गेजचे काटे आणि डॅशबोर्डच्या मधल्या व्हेंटचं (थंड हवा येते त्या जाळीचं) तापमान बघा. ३५ अंशाच्या दिवशी लो साइड साधारण ३० ते ४५ आणि हाय साइड २०० ते २५० च्या दरम्यान, व्हेंटमध्ये रीसर्क्युलेशनवर ८ ते १२ अंश, असं दिसलं की थांबा. मुंबई-कोकणात दमट हवेमुळे व्हेंटचा आकडा थोडा वर राहतो, अकोला-नागपुरात मे महिन्यात हाय साइड याच्याही वर जाते, त्यात काही बिघाड नाही. थोडा अजून टाकू म्हणजे अजून थंड होईल हा विचार मनातून काढा. जास्त गॅसने कूलिंग कमीच होतं, दाब चढतो, कंप्रेसर कट होतो. आणि चुकून जास्त झाला तर व्हॉल्व्ह दाबून हवेत सोडू नका. हा गॅस हवामान तापवायच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त वाईट आहे, आणि सोबत कंप्रेसरचं तेलही उडून जातं. वर्कशॉपमध्ये मशीनने काढून घ्या.

काट्यांनी वेगळंच काही सांगितलं तर भरणं थांबवा. लो जास्त आणि हाय कमी म्हणजे कंप्रेसर दमलाय. दोन्ही खूप जास्त म्हणजे पंखा, घाण कंडेन्सर किंवा आत हवा. लो साइड शून्याच्या खाली व्हॅक्यूमकडे चाललीय म्हणजे कुठेतरी चोक आहे. यातलं काहीही गॅसने बरं होत नाही.

तेल उगाच टाकू नका, गॅस झिरपताना तेल फारसं जात नाही. आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीवर हे काम घरी अजिबात करायचं नाही, तिथला कंप्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो आणि साध्या गाडीच्या कंप्रेसरचं पॅग तेल आत गेलं तर इन्सुलेशन खराब होतं. अमेरिका-युरोपात राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या नव्या गाड्यांत बहुतेक आर १२३४वायएफ असतो, तो थोडा पेटणारा आहे आणि पोर्टही वेगळं आहे, त्यात १३४ए भरायचा खटाटोप करू नका.

काम झालं की इंजिन बंद करा, कपलर काढा आणि दोन्ही पोर्टवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का बघा, कारण बऱ्याचदा लीक त्या पोर्टच्या आतल्या छोट्या पिनमध्येच असतं. नळ्यांचे जोड आणि कंडेन्सरचे कोपरेही तसेच बघा, तेलकट धूळ चिकटलेली जागा दिसली की तिथेच शंका घ्यायची. टोप्या घट्ट लावा. मग किती ग्रॅम भरला आणि तारीख कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. दोन-तीन महिन्यात परत कमी झाला तर यूव्ही डाय (लीकच्या जागी चमकणारा रंग) टाकून रात्री निळ्या टॉर्चने शोधा, आणि बाहेर कुठेच दिसलं नाही तर कूलिंग कॉइल लीक आहे असं समजून डॅशबोर्ड उघडायच्या खर्चाची तयारी ठेवा.